दस्तगीर सरांची तेरणा

दस्तगीर सरांशी माझी ओळख एका घोड्यामुळं झाली. घोडा मी काढलेला होता, त्यामुळं तो घोडा आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं.

तेरच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. तिसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गातून निरोप आला, भूगोलाच्या सरांनी बोलावलंय, रंगीत खडू घेऊन या. गेलो. उंच, वाळका माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि शिवणाच्या सुयांची एक पुडी. म्हणाले, "चित्रकार, हितं एक घोडा काढा. डोंगरातला. थकलेला पायजे." मी मन लावून काढला. पोरं माना वाकड्या करून फळा बघत होती. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, शेळी कशाला न्हेली होती त्यांनी?"

सरांनी फळ्याकडं नीट पाहिलं. माझ्याकडंही एकदा पाहिलं.

"दुधाला," ते म्हणाले, आणि पाठ पुढं चालू केला.

त्या वर्षी आठवीच्या पोरांच्या लेखी सर शिकवत होते त्या अमेरिकेतल्या मोहिमेबरोबर एक शेळी होतीच. सहामाहीच्या पेपरात एकानं तिचं वर्णनही लिहिलं. सरांनी त्याला गुण दिले. चूक पोराची नव्हती, असं म्हणाले.

सर जाऊन आता दोन वर्षं होत आली. परवा धाराशिवहून येताना बस तेरणेच्या पुलावर जरा थांबली. खाली चार हात रुंदीचं पाणी होतं, त्यात एक म्हैस बसलेली. बाजूच्या माणसाला मी सांगायला लागलो की ही नदी एका माणसानं पावलापावलानं मोजलेली आहे. त्यानं खिडकी लावून घेतली. तेव्हा ठरवलं, लिहूनच काढावं.

सरांचा भूगोल कुठूनही सुरू झाला तरी अमेरिकेत पोचायचा. पाठ मराठवाड्याच्या पर्जन्यमानाचा असो नाहीतर कापसाचा, पंधराव्या मिनिटाला दोनशे वर्षांपूर्वीचे ते दोन कप्तान होड्या घेऊन मिसुरी नदीत उतरलेले असायचे. त्यांच्या देशाच्या अध्यक्षानं त्यांना पाठवलं होतं, की नदी धरून वर वर जा, डोंगर ओलांडा आणि पश्चिमेचा समुद्र गाठा. वाटेत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं राहणाऱ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारलं कुणी, असं सर म्हणायचे. एका वाक्यात त्यांनी मोहिमेचा सगळा निकाल लावून ठेवला होता: "हे पाव्हणे म्हणून गेले. ह्यांच्या मागनं जे आले, ते मालक होऊन बसले."

आणि तरीही त्या मोहिमेवर त्यांचा जीव होता. ज्याच्यावर जीव असतो त्याची उणीदुणी माणूस काढतो, तशी ते काढायचे.

हे सगळं आलं होतं एका पुस्तकातून. तरुणपणी हैदराबादच्या फुटपाथवर रद्दीच्या ढिगातून घेतलेलं, पुठ्ठा नसलेलं जाड इंग्रजी पुस्तक. सुरुवातीची पंधरा-वीस पानं नव्हती. शेवटची किती नव्हती ते कळायला मार्ग नव्हता, कारण शेवटच नव्हता. सरांचं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते पुस्तक काही वर्षं वाचलं. एक डोंगर चढायला कप्तानांना जेवढे दिवस लागले, त्याहून सरांना जास्त लागले.

पण ते सांगायला लागले की शब्दकोश दिसायचा नाही. होड्या दोरानं ओढत नेणारी माणसं, चिखलात मांडीपर्यंत. पायातल्या कातड्याच्या चपलांतून आरपार जाणारे निवडुंगाचे काटे, जे जाळाच्या उजेडात बसून काढायचे. डास इतके, की श्वासाबरोबर घशात. पुढं एक एवढा मोठा धबधबा आला, की होड्या पाण्यातून काढून लाकडी चाकांवर घातल्या आणि महिनाभर माळावरून ओढल्या. डोंगरात खायला संपलं तेव्हा घोडे खाल्ले, मेणबत्त्यांची चरबी खाल्ली. (इथं पोरं माझ्या शेळीची चौकशी करायची.) आणि एका कप्तानाला त्याच्याच माणसानं सांबर समजून मागच्या बाजूला गोळी घातली, तेव्हा तो बिचारा कितीतरी दिवस होडीत पालथा पडून राहिला. ह्या प्रसंगाला वर्ग हसून घ्यायचा. सर थांबायचे, हसू संपू द्यायचे आणि मगच त्या बाईकडं वळायचे.

बाई म्हणजे त्यांच्याबरोबरची, पाठीवर तान्हं लेकरू बांधलेली, डोंगरातल्या लोकांची भाषा येणारी. लहानपणी तिला दुसऱ्या टोळीनं पळवून नेलेलं. कप्तानांना डोंगर ओलांडायला घोडे पाहिजेत आणि घोडे आहेत त्या डोंगरवाल्यांकडं. बैठक बसली. कप्तान बोलणार इंग्रजीत, त्यांचा एक माणूस ते फ्रेंचमध्ये सांगणार, बाईचा नवरा तिला तिसऱ्याच भाषेत, आणि ती चौथीत. "आपल्या बैलबाजारावानी," सर म्हणायचे. "कानडीवाला, दखनीवाला, मराठीवाला, अन् बैल बिचारा मुका." तर बाई बोलायला बसली, समोरच्या टोळीच्या नाईकाकडं तिनं नीट पाहिलं, आणि उठून पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तिचा भाऊ होता तो.

इथं सर दरवर्षी फळा पुसायला वळायचे. फळ्यावर काही लिहिलेलं असो वा नसो.

सरांची स्वतःची मोहीम तेरणेची होती. उगमापासून ती मांजरेला मिळते तिथपर्यंत अख्खी नदी पायानं चालायची आणि तिचा नकाशा काढायचा. रविवार, सणाची सुट्टी, उन्हाळा, जमेल तसं. जुन्या कॅलेंडरांची पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यावर काळ्या शाईनं नदी. नियम एकच, पण कडक: पायानं चाललो नाही तो भाग शाईत काढायचा नाही. पेन्सिलीत सुद्धा नाही. तो कोरा.

आणि त्यांच्या नकाशावर गावांपेक्षा माणसं जास्त. "हितं गंगूबाईनं ताक दिलं." "हितं मौला पिंजाऱ्याची विहीर, पाणी गोड, मालक कडू." गावात शिरायचीही एक पद्धत होती. वेशीच्या बाहेर बसायचं. कुणीतरी येऊन "कुठलं पाव्हणं?" विचारेपर्यंत आत जायचं नाही. मग नाव सांगायचं, नाव विचारायचं, आणि घरातल्या बाईला खिशातल्या पुडीतली एक सुई द्यायची. कप्तानांनी तिथल्या टोळ्यांना निळे मणी वाटले होते, ह्यांनी सुया. मी एकदा म्हटलं, सर, सुयाच का? तर म्हणाले, मणी द्यायला मी काय राजाचा माणूस हाय का. सुई लागती घरात.

त्या सुट्टीच्या मोहिमांत मला त्यांनी कधी घेतलं ते आठवत नाही. "तुम्ही"चा "तू" झाला त्याच सुमाराला असावं. पहिल्याच दिवशी मी नवे बूट घालून गेलो. दुपारपर्यंत दोन्ही टाचा सोलल्या, तेव्हा बूट गळ्यात अडकवून अनवाणी चाललो आणि नेमका सराट्यांच्या माळात शिरलो. सर उकिडवे बसून माझ्या तळव्यातले काटे सुईनं काढत होते आणि मी ओरडत होतो. "ओरड," ते म्हणाले, "पर पाय हलवू नको. कप्तानाची माणसं बी ओरडली असतील. पुस्तकात कोण लिवतंय."

दुसऱ्या खेपेला एका वस्तीवर मी दया येऊन एका कुत्र्याला अर्धी भाकरी टाकली. पुढच्या वस्तीपर्यंत सात कुत्री मागं आली आणि उरलेल्या भाकरी गेल्याच. सरांनी नकाशावर तेवढ्याच वळणाला लिहिलं: "हितून चित्रकाराचे सात दोस्त." अजून आहे.

खालचा सगळा भाग, तेरपासून मांजरेपर्यंत, झाला. वरचाही बराच झाला. उरला तो वाशीच्या अंगाचा डोंगरातला शेवटचा तुकडा, उगमाचा. तो सरांनी मागं ठेवला होता, ताटातलं गोड मागं ठेवावं तसा. त्याचं कारण त्यांनी मला एकदा बांधावर बसून सांगितलं. मिसुरीसारखी नदी, जिच्यात माणसं बुडाली, होड्या फुटल्या, तिच्या पार वर, डोंगरात, ती एवढीशी होते. तिथं एक साधा शिपाई एक पाय अलीकडं आणि एक पाय पलीकडं टाकून उभा राहिला आणि त्यानं देवाचे आभार मानले, की जगलो आणि ह्या नदीवर असा उभा राहिलो.

"नाव त्याचं फार कुणाला म्हाईत न्हाई," सर म्हणाले. "मला तेरणंवर तसं उभं ऱ्हायचंय, बाबा. एकदा. बाकी काय न्हाई."

मग मुलीचं लग्न निघालं. मग गुडघा. मग सगळंच बंद झालं ती दोन वर्षं. भाभी, म्हणजे सरांच्या घरच्या, म्हणायच्या, "लोकं पोरगी बघायला जातात, हे नदी बघायला निघतात, अन् हर बार मुहूर्त चुकतोय."

मधल्या काळात मी माझी पहिली मोठी चूक केली. नवा मोबाईल घेतला होता. सरांच्या ओसरीत बसलो होतो. पुस्तक जिथं तुटतं तिथं कप्तान समुद्र बघून परत फिरलेले असतात, वाटेत असतात. सर नेहमी सांगायचे, "आपल्या हिशोबानं ते अजून वाटंतच हायत." मला वाटलं, माणूस चाळीस वर्षं खोळंबलाय, आपण दोन मिनिटांत मोकळं करू. मोबाईलवर शोधलं आणि उत्साहानं वाचूनच दाखवलं. परतले, लोकांनी स्वागत केलं, मान मिळाला. आणि मी थांबायला हवं होतं तिथं पुढंही वाचलं. मुख्य कप्तान तीनच वर्षांनी, एका प्रवासात, रस्त्याकडच्या एका घरात एकटाच मेला. बहुतेक स्वतःच्याच हातानं, तेही वाचलं.

चहा आला, त्यांनी बशीत ओतला, आणि तो बशीतच गार झाला. पुढचे आठ दिवस शाळेत त्यांनी कापूस शिकवताना कापूसच शिकवला. पोरं घाबरली.

सर निवृत्त झाले तोवर त्यांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येत नाही, आहे ती किती दिवस राहील सांगता येत नाही. बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं धूसर. दारातून येणाऱ्याला ते पावलांवरून ओळखायला लागले. भिंग लावून, कागद नाकाला टेकवून तेवढं वाचता यायचं.

एका संध्याकाळी त्यांनी नकाशा माझ्याकडं दिला. कडा फाटल्यात, मागून कापड लावून दे, म्हणाले. मी घरी नेला. कापड लावलं. आणि वरच्या त्या कोऱ्या तुकड्याकडं बघत बसलो. आता हा माणूस तिथं कधी जाणार, आणि गेला तरी काय बघणार? मी चित्रकार. नदी मला घोड्यापेक्षा बरी जमते. मोबाईलवर वरून काढलेला नकाशा उघडला, मापं घेतली, आणि सरांच्याच शाईसारखी शाई आणून तेरणा उगमापर्यंत पुरी केली. इतकी सफाईदार, की सांधा दिसत नव्हता. चौकटीत बसवून, काच लावून, हार घालावा अशी ती वस्तू मी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

सरांनी काच काढायला लावली. भिंग घेतलं. खालून वर, माणसामाणसानं वर सरकत गेले. गंगूबाई झाली, पिंजारी झाला, माझे सात दोस्त झाले. भिंग कोऱ्या जागेत शिरलं आणि तिथं नदी होती. ते पार वरपर्यंत गेले. परत खाली आले. परत वर गेले.

"चित्रकार," ते म्हणाले, "एवढ्या लांबच्या वाटंत तुला एक बी माणूस भेटला न्हाई?"

मी कान धरून सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, शाई धुतली जाती का? मी म्हटलं, नाही सर, पक्की आहे. मग म्हणाले, तेवढ्याला कोरा कागद चिकटव. मी खाली बसून कात्रीनं कागद कापला आणि माझीच नदी झाकून टाकली. आयुष्यात मी चिकटवलेला तेवढा एकच कागद, ज्याला सुरकुती आली नाही.

"आता चल," सर म्हणाले. "डोळं हायत तवर."

जानेवारीत निघालो. वाशीपर्यंत बस, पुढं एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर तिघं, आणि मग पायी. सरांचा एक हात माझ्या खांद्यावर, एका हातात काठी. त्यांना उजेड कळत होता, हिरवं-काळं कळत होतं, बांध कळत नव्हता. मी "दगड", "काटा", "पाणी" असं सांगत चाललो होतो. आदल्या रात्री पाऊलवाटा पाठ केल्या होत्या, म्हणून पहिल्याच फाट्याला चुकलो आणि दोघं एका उसात शिरलो. सर उसातून म्हणाले, "हे हिरवं लई उंच हाय, बाबा. तेरणा हितनं न्हाई वाटतं."

वस्तीच्या बाहेर पद्धतीप्रमाणं बसलो. कौसाबाई नावाची एक म्हातारी हरभरा उपटायला आली होती, तिनं पहिल्यांदा विचारलं कुठलं पाव्हणं. सरांनी नाव सांगितलं, सुई दिली आणि तेरणा कुठं निघते ते विचारलं. बाई हसली. म्हणाली, ते भांडण लई जुनं हाय. हिकडं तीन वघळी. खालच्या आळीचे म्हणतात तेरणा आमच्या बांधातून निघते, वरचे म्हणतात आमच्या. आणि तीन वर्षांमागं नाला खोल करायला जेसीबी आला, त्यानं सगळंच उकरून ठेवलं; आता कुठलं पाणी कुठून येतं ते तिलाही कळत नव्हतं. जवळच्या ओघळीपाशी तिनं आम्हाला नेलं. "आमची मान्सं हिलाच तेरणा म्हनत्यात," ती म्हणाली. "पर माझी सासू न्हाय म्हनायची."

ओघळ वीतभर रुंद होती. पाणी होतं. हरभऱ्याच्या कडेनं, काळ्या मातीतून, आवाज न करता चाललं होतं.

मी सरांचा डावा पाय धरून अलीकडं टेकवला, उजवा पलीकडं. त्यांनी काठी सोडून दिली. मला त्यांचं धोतर आवरून धरावं लागलं, कारण वारा होता. ते तसे उभे राहिले, एका आंधळ्या होत चाललेल्या, उंच, वाळक्या माणसाच्या दोन पायांखालून ते पाणी जात राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी तोंड माझ्याकडं केलं.

"हीच का?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात "हो" आलेलं होतं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. कौसाबाई माझ्याकडं बघत होती, तीही बहुतेक हो म्हणाली असती. मोबाईल खिशात होता, त्यालाही विचारता आलं असतं.

"मला म्हाईत न्हाई, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. चेहऱ्यावर काय होतं ते सांगताना मला अजून अवघड जातं. वाईट वाटलेलं होतं, एवढं नक्की, आणि त्या वाईट वाटण्यासकट त्यांना माझा राग नव्हता. पाय न उचलता म्हणाले, "मग वर जाऊन ये. तिन्ही बघ. घाई करू नको. मी हितं बाईजवळ बसतो."

मी टेकाड चढलो. पहिली ओघळ एका शेततळ्याच्या प्लास्टिकखाली गेली. दुसरी धरून वर गेलो तर ती दगडांत हरवली. तिसरीपर्यंत पोचायच्या आधी दम लागला म्हणून थांबलो आणि मागं वळून पाहिलं.

खाली हरभऱ्याच्या हिरव्यात सर बसले होते. कौसाबाईनं त्यांच्यापुढं डहाळ्याचा ढीग टाकला होता आणि ते चाचपून घाटे सोलत होते, बाई काहीतरी सांगत होती. मी वरून "सर" अशी हाक दिली. ते लगेच उठले. टोपी सारखी केली, डोळ्यांवर हात धरला आणि समोरच्या टेकाडाकडं, जिथं कुणीच नव्हतं तिकडं, लांब हात वर करून हलवत राहिले. बाई त्यांचा सदरा ओढून त्यांना माझी दिशा दाखवायला लागली. मी लांबूनच तिला हातानं खुणावलं, राहू दे. आणि त्या मोकळ्या टेकाडाकडं बघत सर जोवर हात हलवत होते, तोवर मीही इकडून हलवत राहिलो.